देणं वाढलं, घेणं आटलं : एका अबोल संसाराचं प्रकरण

नवऱ्याच्या मनाचा रस्ता पोटातून जातो, हे लग्न ठरलेल्या मुलीला कोणी ना कोणी ऐकवतंच. या प्रकरणातल्या बाईने ते सात वर्षं मनापासून पाळलं. नवऱ्याची पहिली पाळी असली की पहाटे साडेचारला उठायचं. पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, कोशिंबीर असा भरगच्च डबा करायचा. समुपदेशनाला आली तेव्हा तिची तक्रार एवढीच होती : "डबा चाटूनपुसून परत येतो. पण तो ओट्यावर ठेवला की माणूस मोबाइलमध्ये शिरतो."

पुण्याजवळच्या भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातल्या अनेक घरांत वारंवार दिसणारे तपशील एकत्र करून हे एक प्रकरण उभं केलं आहे. त्यामुळे इथे कोणाचं नाव नाही, आणि 'तो' किंवा 'ती' म्हणजे कोणी एक ठरावीक माणूसही नाही.

घर कसं होतं

तो ३६ वर्षांचा. आयटीआय करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलेला. पाळी दर आठवड्याला बदलणारी. ती ३२ वर्षांची, बी.कॉम. लग्नाआधी पतसंस्थेत नोकरी, मुलगी झाल्यावर ती सोडलेली. मुलगी मोठ्या गटात. मोशीत वन बीएचके आणि त्याचा हप्ता. सासूबाई गावाकडे, वर्षातले तीन-चार महिने इकडे. लग्न ठरवून झालेलं. मारहाण नाही, दारू नाही, दुसरीकडे कुठे लक्ष नाही. ही शेवटची तीन वाक्यं पहिल्या भेटीत नीट तपासून घ्यावी लागतात, आणि तीही बाईशी एकटीशी बोलून. यातलं काही असेल तर पुढचं सगळं गैरलागू ठरतं. मार खाणाऱ्या बाईला 'त्यांच्या बोलण्याला प्रतिसाद द्या' असं सांगणं हा गुन्हाच. तिथे आधी सुरक्षितता, १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा.

दुसरी तपासणी उदासीनतेची. माणूस घरात गप्प आहे, पण मित्रांत, कारखान्यात, मुलीशी खेळताना बोलतो का? की सगळीकडेच विझलाय? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच गोडी नाही, असं असेल तर तो नात्याचा प्रश्न धरून बसू नये. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. हा माणूस मात्र टपरीवर अर्धा तास गप्पा मारून घरी येत होता. म्हणजे त्याच्याकडे बोलणं शिल्लक होतं. ते घरापर्यंत पोचत नव्हतं, इतकंच.

काय काय करून झालं होतं

डबा तर होताच. शिवाय महिन्याला पार्लर. यूट्यूबवर बघून दर रविवारी एक नवा पदार्थ. दुपारी साडेबाराला फोन : "डबा खाल्लात का? भाजी कशी झाली होती?" त्याचे कपडे, मोजे, कंपनीचं ओळखपत्र रात्रीच काढून ठेवलेलं. त्याला कशालाच हात लावावा लागू नये, अशी सगळी व्यवस्था.

आणि लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाचं सरप्राइज. सोसायटीच्या गच्चीवर २५ माणसं, केक, फुगे. त्या दिवशी ब्रेकडाऊनमुळे तो चार तास जास्त थांबून आला होता, अंगावर ग्रीसचे डाग. केक कापला, कोपऱ्यात उभा राहिला. कोणीतरी विचारलं, "काय मग, कसं वाटलं?" तो म्हणाला, "चांगलंय." त्यावर ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "ह्यांना कशाचं कौतुकच नाही. दगड आहे नुसता." सगळे हसले, तोही हसला. मग तीन दिवस घरात अबोला. तो हसला म्हणजे त्याने ते मनावर घेतलं नाही, असं तिने धरलं होतं. चारचौघांत अपमान झालेला पुरुष बहुधा हसतोच. तेवढी एकच सोय त्याच्याकडे असते.

ही यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट डोळ्यात भरते : यात सगळं ती त्याला देते आहे, त्याच्याकडून काहीच घेत नाही. त्याची बातमी नाही, त्याची मदत नाही, त्याचं मत नाही. सात वर्षांत देणं वाढत गेलं आणि घेणं आटलं. घरात सगळं मिळतं, पण आपली काही गरज नाही, असं ज्याला वाटतं तो माणूस त्या घरात खाणावळीतल्या मेंबरासारखा राहू लागतो. वेळेवर येतो, जेवतो, पैसे देतो.

सात दिवसांची वही

पहिल्या भेटीनंतर तिला एक साधी वही करायला सांगितली. पानावर तीन रकाने : वेळ, तो काय म्हणाला किंवा त्याने काय केलं, मी काय केलं. नियम तीन. वागणं मुद्दाम बदलायचं नाही. घडल्यापासून दहा मिनिटांत लिहायचं, रात्री आठवून लिहिलं की त्यात राग मिसळतो. आणि अर्थ लावायचा नाही. 'तुसडेपणाने बोलले' लिहायचं नाही, बोललेले शब्द लिहायचे. अशी वही साधारण अशी दिसते :

सायंकाळी ४.५० – "तळेगाव चौकात बस पाऊण तास अडकली." – "बरं, हातपाय धुवा, चहा टाकलाय."

रात्री ८.०५ – मुलीच्या सायकलची चेन बसवत होते. "हे बघ गं, कशी निसटते ती." – "राहू द्या, उद्या दुकानात देईन. जेवण गार होतंय."

रात्री ९.३० – मोबाइलवर जुन्या लेथ मशीनचा व्हिडिओ पुढे केला. – "हं."

रविवार, सकाळी – "तुझी शिलाई मशीन का बंद असते हल्ली?" – "असू दे, तुम्हाला कशाला त्रास."

चौथ्या नोंदीपाशी ती स्वतःच थांबली. तो बोलत नाही अशी तिची तक्रार होती, आणि वहीत तो रोज बोलत होता. फक्त ते बोलणं 'मला तुझ्याशी गप्पा मारायच्या आहेत' या रूपात येत नव्हतं. बस, चेन, लेथ अशा वस्तूंच्या आडून येत होतं. पुष्कळ पुरुषांची माया अशीच वस्तूंच्या आडून येते, आणि बायकांना ती माया वाटत नाही, यांत्रिक बडबड वाटते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं, ते नेमकं याच गोष्टीचं. जोडीदाराने लक्ष वेधायला केलेली लहानशी हालचाल, एखादं वाक्य, नुसता हुंकार. त्याला आपण इथे साद म्हणू. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी आधीच्या नोंदींत १०० पैकी ८६ सादांना ओ दिली होती; ज्यांचं मोडलं होतं त्यांनी ३३ सादांना. हे आकडे अमेरिकी नवविवाहितांचे आहेत, मोशीतल्या सात वर्षांच्या संसाराला ते कायदा म्हणून लावायचं कारण नाही. उपयोग एवढाच, की कुठे बघायचं ते कळतं. वाढदिवस, भेटी, सहली इथे फारसं काही सापडत नाही. सापडतं ते चार वाजून पन्नास मिनिटांच्या त्या एका वाक्यात.

ओ-रिंगची संध्याकाळ

वहीतली सगळ्यात मोलाची नोंद पाचव्या दिवसाची. कारखान्यात एका हायड्रॉलिक प्रेसला प्रेशर येईना. सगळे पंपाच्या मागे लागले, पंप उतरवायची तयारी झाली. याने आधी व्हॉल्व्ह उघडून बघूया म्हणून हट्ट धरला. आत एक ओ-रिंग चिरलेली निघाली. किरकोळ किमतीचा रबराचा वेढा. तो बदलला आणि प्रेस सुरू. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी आल्यावर बूट काढता काढता त्याने हे सांगितलं.

तिचं उत्तर होतं, "मग पगार वाढवणार आहेत का?"

ती वाईट बोलली नव्हती. डोक्यात हप्ता होता, तो तोंडून आला. पण तिथे संध्याकाळ संपली.

आनंदाची बातमी आली की ऐकणारा चार तऱ्हांनी वागू शकतो, अशी मांडणी शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली केली. ओ-रिंगवर त्या चार तऱ्हा अशा दिसतील. पहिली, उत्सुकतेने आत शिरणं : "सगळे पंप म्हणत असताना तुम्हाला व्हॉल्व्हच का वाटला?" दुसरी, गोड पण गार : "अरे वा, छान." तिसरी, बातमीत खोट काढणं : "उद्यापासून सगळी कामं तुमच्याच गळ्यात घालतील बघा." चौथी, विषयच बाजूला सारणं : "सिलिंडर बुक केला का?" संशोधनात जवळीक वाढलेली दिसली ती पहिल्या तऱ्हेने. दुसरी निरुपद्रवी वाटते, पण तिचाही फायदा दिसला नाही. 'अरे वा, छान' हा बातमीचा मुका अंत आहे.

दुःखात साथ देणारी माणसं बरीच असतात. कर्तबगारीची गोष्ट पूर्ण ऐकून घेणारं माणूस कमी. नोकरदार पुरुषाला दिवसभर चुका दाखवणारे भरपूर भेटतात, नीट केलेल्या कामाचा साक्षीदार भेटत नाही. तो घरात भेटला, तर माणूस ओढीने घरी येतो. हे डब्याने होत नाही.

बदल कसा केला

एकदम सगळं बदलायला घेतलं की आठव्या दिवशी सगळं सुटतं. म्हणून आठवड्याला एक गोष्ट.

पहिल्या आठवड्यात फक्त आल्यावरची पहिली वीस मिनिटं. त्यात हप्ता, शाळेची फी, सासूबाईंचा फोन, सोसायटीची मीटिंग यांतलं काही काढायचं नाही. पाणी द्यायचं, आणि तो काही म्हणाला तर हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायचं. गॅस बारीक करायला दोन सेकंद लागतात. तो काहीच बोलला नाही तर तेही चालेल. पाळी करून आलेल्या माणसाच्या कानात मशीनचा आवाज घुमत असतो, ती शांतता म्हणजे रुसवा नव्हे. दुपारचा 'भाजी कशी झाली' हा फोनही याच आठवड्यात बंद. तो त्याला रोजची तोंडी परीक्षा वाटायचा, हे पुढे त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात दोन प्रश्नांचा नियम. त्याने कामाचं काही सांगितलं की सल्ला, शंका, पैसा यांच्याआधी दोन खरे प्रश्न. खरे म्हणजे ज्यांचं उत्तर आपल्याला माहीत नाही असे. समजत नसेल तर सरळ म्हणायचं, "ओ-रिंग म्हणजे नेमकं काय? आपल्या कुकरच्या रिंगसारखी का?" या एका प्रश्नावर तो पंधरा मिनिटं बोलला, आणि ओट्यावरचा कुकर उघडून त्याची रिंग दाखवत बोलला.

तिसऱ्या आठवड्यात कौतुक, पण तपशिलाचं. 'तुम्ही खूप चांगले आहात' हे वाक्य विमा एजंटाच्या तोंडी शोभतं. "टाकीचा बॉल कॉक बदललात ना, आज सकाळी पाणी वाहिलं नाही" हे कौतुक, कारण यात काम आहे आणि त्या कामाने काय झालं तेही आहे. दिवसाला एक पुरे. दोन-तीन झाली की माणूस सावध होतो. आणि माहेरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याच्यावर विनोद पूर्ण बंद. तक्रार असेल ती घरात, दार लावून.

चौथ्या आठवड्यात शतपावली. जेवणानंतर वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, पाळी पाहून. दोघांचे फोन घरी. मुलगी बरोबर असली तरी हरकत नाही, ती पुढे पळते. पुष्कळ पुरुषांना समोरासमोर बसवून 'आता बोला' म्हटलं की घशात अडकतं. शेजारी शेजारी चालताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, एकत्र काही दुरुस्त करताना तेच सहज निघतं. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी १९९७ साली अनोळखी माणसांना क्रमाक्रमाने खोल जाणारे ३६ प्रश्न देऊन पाऊण तासात जवळीक वाढवून दाखवली होती. ते प्रश्न जसेच्या तसे आणले तर आपल्याकडे मुलाखत वाटते. त्यामागची रीत तेवढी घ्यावी : सोप्यापासून खोलाकडे, आणि दोघांनीही उत्तर द्यायचं. "पहिल्या पगाराचं काय केलं होतंत?" हा चांगला प्रश्न आहे. त्याने आईला गॅसची शेगडी घेतली होती. हे तिला सात वर्षांत माहीत नव्हतं.

शिलाई मशीन

पाचव्या आठवड्यातली गोष्ट तिला पटायला सगळ्यात जड गेली : त्याच्याकडे काहीतरी मागायचं. तिच्या मते न मागणं हेच शहाण्या बायकोचं लक्षण. पण १९६९ साली जेकर आणि लँडी या दोघांनी एक छोटा प्रयोग केला होता. प्रयोगात जिंकलेले पैसे संशोधकाने 'माझे स्वतःचे संपत आलेत' म्हणून ज्यांच्याकडून परत मागून घेतले, त्यांना तो संशोधक इतरांपेक्षा जास्त आवडला. आपण ज्याच्यासाठी काही करतो तो आपल्याला आवडू लागतो. उलटं वाटतं, पण घरोघरी तसंच दिसतं. ज्या झाडाला पाणी आपण घालतो त्याला कळी आली का, हे आपणच बघायला जातो.

मशीन दीड वर्ष बंद होती. टाके सुटायचे, दोरा तुटायचा. रविवारी तिने ती हॉलमध्ये काढून ठेवली आणि म्हणाली, "बघा बरं, काय झालंय हिला. मला पुन्हा ब्लाउज शिवायला घ्यायचेत." त्याने आधी सुई बघितली. ती उलटी बसवलेली होती, चपटी बाजू चुकीच्या दिशेला. मग बॉबिन केस काढली, आत दोऱ्याचा गुंता आणि धुळीचा गोळा. ब्रशने साफ केली, तेलाचे थेंब सोडले, चिंधीवर टाके घालून पाहिले. एक तास गेला. त्या तासात ती तिथेच बसून होती, स्वयंपाकघरात गेली नाही. हे तिला आधी सांगावं लागलं होतं. मदत मागून स्वतः निघून गेलं तर ती मदत राहत नाही, कामवाटप होतं.

एक परिणाम तिच्या बाजूचाही झाला. सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज आणि साड्यांचे फॉल यायला लागले. आता संध्याकाळी तिच्याकडेही सांगायला काहीतरी असायचं : कोणाचा गळा बिघडला, कोणी पैसे थकवले. जिच्या दिवसात 'तो कधी येतो' याखेरीज काही नसतं, तिच्याशी बोलताना पुरुषाला ओझं वाटतं; हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. प्रेम मिळवायला स्वतःचं जग सोडून दिलं की प्रेमाला पाहण्यासारखं काही उरत नाही.

कुठे फिसकटलं

दहाव्या दिवशीच. पाणी, प्रश्न, गॅस बारीक, हे सगळं पाहून तो म्हणाला, "काही घ्यायचंय का तुला?" तिला रडू फुटलं. हे बहुतेक घरांत होतं. सात वर्षांची सवय अचानक बदलली की माणूस कारण शोधतो. उपाय म्हणजे खरं सांगणं : "आपलं बोलणं कमी झालंय म्हणून मी प्रयत्न करतेय." नाटक पकडलं गेलं की नुकसान, प्रयत्न पकडला गेला तर नाही.

दुसरी चूक हिशेबाची. तिसऱ्या आठवड्यात वहीत चौथा रकाना उगवला : 'त्यांनी काय केलं'. संध्याकाळी ती मनात बेरीज घेऊन बसू लागली आणि चेहऱ्यावर ती दिसू लागली. तो रकाना काढायला लावला, आणि महिना झाल्यावर वहीच बंद केली. वही म्हणजे ताप बघायचा थर्मामीटर. जन्मभर काखेत धरून फिरायचं नसतं.

तिसरं, तक्रारीची सुरुवात. "तुम्ही कधीच..." असं वाक्य निघालं की तो उठून गॅलरीत जायचा, ती मागोमाग जायची, तो खाली टपरीवर. एकाने मागे लागायचं, दुसऱ्याने पळायचं. क्रिस्टेन्सन आणि हीवी यांनी १९९० साली या चक्राचा अभ्यास केला तेव्हा बायको मागे लागते आणि नवरा पळतो हे चित्र जास्त दिसलं खरं. पण ज्या विषयात नवऱ्याला बदल हवा होता तिथे हा फरक उरला नाही. म्हणजे हा फक्त बाईचा स्वभाव किंवा पुरुषाचा स्वभाव नव्हे. ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो. पुस्तकी सल्ला असतो, 'मला असं वाटलं' या शब्दांनी सुरुवात करा. मराठीत "तुम्ही फोन बघत होतात तेव्हा मला एकाकी वाटलं" असं कोणी नवऱ्याला म्हणत नाही, म्हटलं तर तो हसेल. "काल मी एकटीच जेवल्यासारखं झालं. आज जेवण होईपर्यंत फोन आत ठेवाल का?" हे चालतं. एक प्रसंग, स्वतःवर झालेला परिणाम, एक लहान मागणी. जुनी उदाहरणं जोडायची नाहीत.

आणि भांडण पेटलंच, तर थांबायची रीत ठरवून ठेवली. भांडणात छातीचे ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की ऐकलेलं आत शिरत नाही. शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात. त्याने 'अर्ध्या तासात येतो' असं सांगून उठायचं, आणि यायचं. तिने मागे जायचं नाही. न सांगता उठणं म्हणजे पळणं, वेळ सांगून उठणं म्हणजे विश्रांती. हा फरक त्याला एका वाक्यात कळला, कारण मशीन बंद करताना फलक लावायची सवय होती.

त्याचं काम

तो तिसऱ्या भेटीला आला, तोही पाळी नव्हती म्हणून. पहिला प्रश्न त्याचाच, "माझं काय चुकलं?" म्हणजे तोही परीक्षेलाच बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "घरात मी हप्ता भरणारा माणूस. बाकी सगळं तिला जमतं." तिने ते पहिल्यांदा ऐकलं.

माया मिळवण्याची सगळी जबाबदारी बाईवर टाकणारे सल्ले आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ते निम्मं काम सांगतात. त्याला तीन गोष्टी दिल्या. घरी आल्यावर फोन चार्जिंगला, अर्धा तास. तिने शिवलेल्या ब्लाउजबद्दलही तेच दोन खरे प्रश्न. आणि आठवड्यातले दोन डबे त्याने भरायचे. करायचे नव्हे, भरायचे. पहिल्या वेळी रस्सा सांडला, पिशवी पिवळी झाली. तिने डबा हिसकावून घेतला नाही, ही त्या आठवड्याची तिची मोठी कामगिरी. चांगलं करू पाहणाऱ्या माणसाच्या हातातून काम काढून घेणं ही घेणं आटण्याची सगळ्यात साधी वाट आहे.

तीन महिन्यांनी

सासूबाई आल्या आणि दोन आठवडे सगळं मागे गेलं. आईसमोर बायकोशी हसून बोलणं त्याला जमेना, शतपावली बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली ती दूध आणायच्या निमित्ताने.

आता तो संध्याकाळी रोज बोलतो असं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस. पहाटेचा डबा आता दोन पदार्थांचा आहे आणि त्याबद्दल त्याने एकदाही विचारलेलं नाही. त्याला तिचा वाढदिवस अजून आठवत नाही, मुलगी आठवण करून देते. गावाकडे दर महिन्याला किती पैसे पाठवायचे यावर एकमत नाही, लवकर होईल असंही दिसत नाही. त्यासाठी महिन्यातला पहिला रविवार ठरवला आहे, सकाळी ११ वाजता, अर्धा तास, समोर कागद आणि पेन. मागच्या वेळी विसाव्या मिनिटाला तो उठला. "अर्ध्या तासात येतो" म्हणाला, खाली जाऊन स्कूटर पुसली, आणि पंचवीस मिनिटांनी वर येऊन बसला. आकडा ठरला नाही. कागद फ्रिजवर लावून ठेवलाय.